तारीख दाखवा

दोस्तांनो, वाघिवलीवाड्याची केरुमाता आता नाही. नवी मुंबईच्या विमानतळात गेली. ही बौद्ध लेणी आहेत, असं आपले कार्यकर्ते ओरडून सांगत होते. बरं, किती जुनी? आता विचारायचं कुणाला? दगडावर छिन्नीचे घाव असतात, आसपासच्या मातीत खापरं असतात. दगडच गेला, साक्षीदार गेला.

माझा राग दोघांवर आहे. पहिला, लेणं दिसलं की ‘पांडवांनी एका रात्रीत कोरलं’ म्हणणाऱ्यांवर. नाशिकच्या लेण्यांना आजही पांडवलेणी म्हणतात. आणि आत भिंतीवर काय लिहिलंय? नहपान, त्याचा जावई उषवदात, गौतमीपुत्र सातकर्णी. वर्षाचे आकडेसुद्धा घातलेत. पांडवांनी कोरल्याचं औषधालाही नाही. तिकडंच जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातकर्णीनं वरून आपला ठसा मारलेला. ठशावर ठसा. कोण आधी, कोण नंतर, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

दुसरा राग आपल्यावर. परवा तुर्भ्याच्या बैठकीत आपलाच एकजण म्हणाला, कार्ल्याचं लेणं पाच हजार वर्षांचं. टाळ्या पडल्या. अरे, खुद्द बुद्धाला अडीच हजार वर्षं झाली! टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून जास्त झोंबतंय. कार्ल्याच्या छताला जुन्या सागवानी कमानी अजून आहेत. कार्बन-१४ नं लाकडाचं वय काढता येतं. पण त्यातून झाड कधीचं ते कळतं, लेणं कधी कोरलं ते नाही. आणि तेही काही वर्षं इकडंतिकडं धरून. म्हणून अक्षराचं वळण, राजाचं नाव, नाणं, लाकूड, सगळ्या साक्षी एकमेकींशी भिडवून बघाव्या लागतात. आपण एक खोटी तारीख ठोकली, की समोरचा आपल्या दहा खऱ्या तारखा उकिरड्यावर फेकतो. त्याला तेवढंच पायजे असतं.

आणि ह्या लेखांत नुसते राजे नाहीत. कार्ल्याच्या दारावर सामी नावाच्या सुताराचं नाव आहे. जुन्नरच्या लेखात ‘वसकारां’ची श्रेणी आहे. वसकार म्हणजे बांबूचं काम करणारे. त्यांच्या श्रेणीकडं दानाची ठेव ठेवलीय, कासारांकडंही ठेवलीय. विश्वासानं पैसा ठेवावा अशी ही माणसं. मग आपल्या गावातल्या बुरुडाचा विटाळ कधीपासून व्हायला लागला? हा प्रश्न तारखेचाच आहे.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तोच धरला. अस्पृश्यता अनादी आहे म्हणणाऱ्यांना शिव्या देत बसले नाहीत. दोन खुंट्या ठोकल्या. इसवी सन २०० ला ती नव्हती, ६०० ला होती. मनू तपासला, फाहियान आणि युआन च्वांग हे चिनी प्रवासी तपासले, गुप्तकाळातली गोहत्याबंदी लावून बघितली, आणि मधे बोट ठेवलं : साधारण ४००. ‘साधारण’ म्हणाले, हे विसरू नका. काही इतिहासकार ती याहून आधीची धरतात. खुशाल धरा. पण पुरावा घेऊन या, आम्हीही घेऊन बसलोय.

येत्या रविवारी कार्ल्याला जायचंय. सकाळी सातला पनवेलच्या एस.टी. स्टँडवर. वही, टेप, बॅटरी घ्या. प्रत्येक फोटोला जागा, दिवस आणि काढणाऱ्याचं नाव लागलंच पायजे. आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून लेखावर खडू फिरवणाऱ्याला परतीच्या गाडीत जागा नाय.

जयभीम.