गळ्यातली पाणसळ

फ्रीमेसन. मेसन म्हणजे गवंडी. यांच्या लॉजात मुख्य मास्तराच्या गळ्यात गुण्या, दुसऱ्याच्या पाणसळ, तिसऱ्याच्या ओळंबा. कमरेला अॅप्रन, पण चुन्याचा एक डाग नाही. पाणसळ म्हणजे समता, असं शिकवतात. एकमेकांना ब्रदर म्हणतात.

1843 साली मुंबईत जेम्स बर्न्सनं 'रायझिंग स्टार' लॉज काढलं. देशी माणूस आत घेतला, पारशी गोऱ्याशेजारी बसला. मान्य! पण ज्याच्या हातातून गुण्या उचलला, त्या वडाराला कुणी बोलावलं? आत जायला शिफारस लागते, फी लागते. गुपचूप मतं पडतात. काळ्या गोळ्या पडल्या की दार बंद.

मी पलूसचा. इथं द्राक्षाच्या पैशावर बंगले उठतात. ओळंबा धरणारा वडार, घमेली वाहणारी मातंग बाई वास्तुशांतीला अंगणातच जेवतात. हे पण ब्रदरच का?

बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात उघड्या मैदानावर लाखोंना दीक्षा दिली. ना फी, ना गोळी, ना गुपित.

तुमची शोभेची पाणसळ गळ्यात राहू द्या, ब्रदर. आमच्या गवंड्याची घ्या. गावाच्या वेशीत ठेवा. बुडबुडा कुणाच्या वाड्याकडं पळतो, बघा.