तहकूब सभेचे सभासद

सप्टेंबर उजाडला की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचना लागतात. सूचनेच्या तळाशी एक वाक्य ठरलेले असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. नियमाप्रमाणे गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांचे दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी कमी ती. ६० बिऱ्हाडांच्या संस्थेत २० माणसे वेळेवर जमणार नाहीत, हे सूचना लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. गणपतीच्या आरतीला गच्ची अपुरी पडते; हिशेब मंजूर करताना मात्र आठ डोकी. उरलेले ५२ जण नंतर जिन्यात, वाहनतळावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात.

वरच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी, गाडीची जागा, देखभाल शुल्क, भाडेकरू, रात्रीचा आवाज ही भांडणाची निमित्ते सर्वांच्या परिचयाची आहेत. मूळ मात्र त्या रिकाम्या खुर्च्यांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपण कागदोपत्री सभासद आहोत. वृत्तीने ग्राहक झालो आहोत.

पैशाचेच पाहा. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते आणि लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतील सर्वांनी सारखाच वाटून घ्यायचा असतो, कोणी ती वापरो वा न वापरो. तळमजल्यावरील गृहस्थ दरवर्षी विचारतात, ‘मी लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाही, मग पैसे का द्यायचे?’ प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. परंतु त्यांच्या अंगणातील तुंबलेले गटार दुरुस्त होते, तेव्हा सातव्या मजल्यावरचाही त्यात वाटा असतो, आणि त्याने कधी ‘माझ्या दारात कुठे तुंबले आहे?’ असे विचारलेले नसते. वापराइतकेच मोल देणे हा दुकानातला व्यवहार झाला. मुंबईत गावदेवी येथे रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली, तेव्हा ‘सहकारी’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा होता. आता आपण नुसते ‘सोसायटी’ म्हणतो आणि तो शब्द गाळतो.

अर्थात सगळा दोष सभासदांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पंधरा-पंधरा वर्षे खुर्ची न सोडणारे सचिव आणि इतिवृत्ताची वही घरच्या कपाटात कुलूपबंद ठेवणारे अध्यक्षही आपण पाहतो. हिशेब आणि इतिवृत्त पाहणे हा सहकार कायद्याच्या कलम ३२ ने सभासदाला दिलेला अधिकार आहे. तो मागणाऱ्याला भांडखोर ठरवले जाते. जिथे वही उघडी नसते, तिथे प्रामाणिक कार्यकर्त्यावरही संशय येतोच.

आणखी एक दुखणे आहे, आणि ते अधिक लाजिरवाणे आहे. कित्येक उच्चभ्रू संकुलांत घरकाम करणाऱ्या भगिनींनी व सामान पोहोचवणाऱ्या मुलांनी मुख्य लिफ्ट वापरू नये, अशा पाट्या लागल्या आहेत. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणारे हातच त्या पाटीच्या ठरावाला अनुमोदन देत असतील, तर समरसतेचा विषय आपण बौद्धिकांतून जिन्यापर्यंत तरी नेला आहे का?

संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात ‘नागरी कर्तव्य’ हा एक विषय आहे. दोनशे जणांच्या शिबिराची भोजनव्यवस्था लीलया सांभाळणारा आपला कार्यकर्ता स्वतःच्या संस्थेच्या समितीवर यायला मात्र कां-कूं करतो. ‘त्या राजकारणात कोण पडणार?’ हे त्याचे उत्तर. तो नाही आला, तर जागा रिकामी राहत नाही. ज्याला तिच्यात रस आहे तो येतो. आणि एक दिवस इमारत जीर्ण होते. पुनर्विकासासाठी शासनाच्या २०१९ च्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. वीस वर्षे जिन्यात एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या माणसांनी आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय एका दुपारी एकत्र घ्यायचा असतो. त्यात भरडला जातो तो निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध, ज्याच्याकडे दुसरे घर नसते.

काही वर्षे मी एका संस्थेचा मानद सचिव होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून दुसऱ्या मजल्यावर गळती होती. गच्ची आणि बाहेरच्या नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातली ज्याची त्याने, हा नियम मी दोघांनाही लेखी कळवला. अडीच वर्षे पत्रे आणि नोटिसा चालल्या. शेवटी एका संक्रांतीला तिळगूळ द्यायला म्हणून वरच्या वहिनींना मी खाली घेऊन गेलो. ओल धरलेल्या भिंतीला लागून खालच्या काकूंच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची खाट होती. वहिनी त्या घरात यापूर्वी कधी आल्याच नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्लंबर बोलावला. खर्च आला चार हजार सहाशे रुपये. वकिलांना तोवर किती गेले होते, हे विचारण्याचे धाडस मला दोन्ही घरी झाले नाही.