तिकीट उघडे, बॉक्स चालू

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या गावांहून आली आहे. घरगुती नासवरून ग्राहकाच्या हातून फोल्डर उडाले. त्याने आधी कंपनीच्या हेल्पलाइनला गाठले, आणि बॉक्स आपल्यापैकी कुणाच्या टेबलावर आला तोवर वाचवण्याजोगे फारसे उरले नव्हते. कोल्हापूरकडच्या एका वाचकाने तर ग्राहक आणि हेल्पलाइन यांच्यातला सगळा पत्रव्यवहारच जोडून पाठवला आहे. तो वाचल्यावर गप्प बसणे शक्य नाही.

ग्राहक लग्नाचे फोटो काढणारा. चार बेचे नास, रेड ५, वर ईएक्सटी४. लॅपटॉपवर जागा करायची म्हणून त्याने फोल्डर डिलीट केले आणि ते निघाले मॅप केलेल्या ड्राइव्हवरचे. नेटवर्क रिसायकल बिन चालू होते, पण रोज रात्री ते रिकामे करण्याचे टास्क लावून ठेवलेले. सकाळी बिन मोकळे. त्याने तातडीने तिकीट उघडले, इथवर त्याचे काही चुकले नाही. पहिले उत्तर आले: आधी फर्मवेअर ताज्या आवृत्तीवर न्या, त्याशिवाय तिकीट पुढे जाणार नाही. त्याने नेले. मग सांगितले, लॉगचे बंडल पाठवा, रिमोट ॲक्सेस चालू करा आणि इंजिनिअर लॉगिन करेपर्यंत बॉक्स बंद करू नका. मग एल-वनकडून एल-टूकडे. मग शनिवार-रविवार. शेवटी दोन ओळी: साठवलेल्या डेटाची जबाबदारी कंपनीची नाही, बॅकअपवरून रिस्टोअर करावे. तिकीट बंद.

या सगळ्या काळात तो बॉक्स काय करत होता? घराच्या दोन कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग त्याच व्हॉल्यूमवर अखंड चालू होते. फर्मवेअर बदलल्यावर मीडिया इंडेक्सिंग नव्याने सुरू झाले आणि उरलेल्या प्रत्येक फोटोचे थंबनेल पुन्हा तयार होऊन डिस्कवर उतरले. फोनचा ऑटो-अपलोडही चालूच. मोकळ्या झालेल्या ब्लॉकवर दिवसरात्र लिहिले जात होते, आणि बॉक्स चालू ठेवण्याची अट घातली होती ती मदत करणाऱ्यांनीच.

ईएक्सटी४वर फाइल गेली की आयनोडमधले एक्स्टेंट पुसले जातात हे आपल्याला माहीत आहे. नावानिशी काही परत मिळायचे तर जर्नलमध्ये राहिलेल्या आयनोडच्या जुन्या प्रतीतून, आणि जर्नल गोल फिरते. शांत बॉक्सवर ती प्रत काही काळ टिकेल, कॅमेरे लावलेल्या बॉक्सवर किती टिकणार? बीटीआरएफएसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. सुपरब्लॉकमध्ये बॅकअप रूट चार, आणि कमिट ठरावीक सेटिंगला ३० सेकंदांनी. सतत लिहिणाऱ्या बॉक्सवर त्या चौघांचा इतिहास दोन मिनिटांचा. त्यामागचे रूट शोधून काढता येतात, पण त्यांच्यावर दुसरे काही लिहिले गेले नसेल तरच. एसएसडीच्या व्हॉल्यूमवर ट्रिमचे शेड्यूल लागलेले असेल आणि ते एकदा फिरले, तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही.

आमच्या वाचकाने शेवटी फोटोरेक चालवले. जेपेग बरेच निघाले, एफ आणि आकडे अशा नावांनी, शेकडो फोल्डरांत विखुरलेले. एक्झिफमधल्या तारखा आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबर यांवरून त्याने ते लग्नवार लावून दिले. रात्री जागून केलेल्या या कामाचे त्याने किती घेतले हे पत्रात लिहिलेले नाही, पण योग्य ते घेतले असावेत अशी आशा आहे. व्हिडिओच्या मोठ्या फायली तुकड्यांत पसरलेल्या होत्या. त्या निघाल्या नाहीत.

हे टळण्यासारखे होते. २०२१च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकरने क्यूनॅपच्या बॉक्सवरच्या फायली पासवर्ड घातलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबल्या आणि मूळ फायली डिलीट केल्या, तेव्हा त्या मूळ फायली परत काढण्यासाठी कंपनीने स्वतःच फोटोरेकवर आधारलेले क्यूरेस्क्यू हे साधन दिले. म्हणजे डिलीट झालेले परत निघू शकते, आणि त्यासाठी लिहिणे थांबवावे लागते, हे बॉक्स बनवणाऱ्यांना पुरते ठाऊक आहे. मग हेल्पलाइनच्या स्क्रिप्टमध्ये ‘फाइल डिलीट झाली’ या तक्रारीखाली पहिली ओळ ‘फर्मवेअर अपडेट करा’ का? तिथे एकच ओळ हवी: रेकॉर्डिंग, सिंक, इंडेक्सिंग थांबवा, बॉक्स बटणाने रीतसर बंद करा आणि जाणकाराकडे न्या. वायर उपटायला सांगू नका, नाहीतर पुढच्या बूटला ॲरे रीसिंकला लागेल. हे सांगायला एल-टू लागत नाही.

पण सगळा राग कंपन्यांवर काढून आपली सुटका होणार नाही. याच पत्रांमध्ये आपल्या व्यवसायातल्या मंडळींचे पराक्रमही आहेत. एकाने ॲरे दिसत नाही म्हणून व्हिडिओ पाहून थेट एमडीएडीएम क्रिएट मारले. डिस्कचा क्रम आणि चंक साइज सुपरब्लॉकमध्ये लिहिलेले होते, ते वाचायचे सोडून त्यावरच नवे लिहिले आणि चुकीच्या क्रमाने रीसिंक सुरू केले. दुसऱ्याने मोठी डिस्क जुन्या यूएसबी डॉकमध्ये घातली. डॉकने सेक्टर ५१२ऐवजी ४०९६ बाइटचे दाखवले, विंडोजला पार्टिशन टेबल सापडले नाही, ‘इनिशियलाइज डिस्क’ची खिडकी आली आणि साहेबांनी ओके दाबले. आधी इमेज, मग इमेजवर प्रयोग, हे या मासिकात किती वेळा छापायचे? प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूने प्रत काढा, ॲरे रीड-ओन्ली जोडा, माउंट करताना जर्नल रिप्ले बंद ठेवा. यातले जमत नसेल तर डिस्कवर बे नंबर लिहून ज्याला जमते त्याच्याकडे पाठवा. काम दुसऱ्याकडे पाठवण्यात कमीपणा नाही.

आणि त्या रात्रीच्या टास्कचे काय? बिन रोज रिकामे करण्याचे शेड्यूल फोटोग्राफरने लावले नव्हते. इन्स्टॉल करणाऱ्याने, जागा भरल्याचा फोन पुन्हा येऊ नये म्हणून लावले होते. स्नॅपशॉटची तीच गत आहे. डिलीट करूनही जागा सुटत नाही अशी ग्राहकाची कुरकूर आली की आपला माणूस स्नॅपशॉट उडवतो, शेड्यूल बंद करतो आणि पुढच्या व्हिजिटला निघतो. ग्राहकाला दोन वाक्यांत कारण समजावून सांगायला, किंवा एक डिस्क वाढवून घ्या म्हणायला, वेळ नसतो. रेड आहे ना, काळजी नको, असे सांगून बॉक्स विकणारे तर अजून लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत आहेत. चुकलेले डिलीट रेड ५ तितक्याच इमानाने सगळ्या डिस्कवर नोंदवते, हे त्यांना कुणी सांगायचे?

तेव्हा मित्रहो, या महिन्यात दोन कामे करा. पहिले म्हणजे तुम्ही बसवलेल्या प्रत्येक घरगुती नासच्या मालकाला फोन करा. प्रत्येक शेअरवर बिन चालू आहे का, ते किमान महिनाभर राखले जाते का, ॲडमिनखेरीज घरातल्या कुणाला ते उघडता येते का, स्नॅपशॉट शेवटचा कधीचा, दुसरी प्रत बॉक्सबाहेर आहे का, कॅमेरे फोटोंच्याच व्हॉल्यूमवर लिहितात का, हे विचारा आणि दुरुस्त करा. व्हिजिट चार्ज घ्या, फुकट करू नका. फुकटच्या सल्ल्याचे काय होते ते आपण पाहतोच. जाताना बॉक्सच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिकटवा: ‘काही डिलीट झाले तर आधी बंद करा, मग फोन करा.’ खाली तुमचा नंबर.

दुसरे, ज्या ज्या तिकिटात डिलीटच्या तक्रारीवर बॉक्स चालू ठेवायला सांगितले गेले, त्याची प्रत ग्राहकाची परवानगी घेऊन, त्याचे नाव-नंबर खोडून आमच्याकडे पाठवा. तारखा आणि वेळा मात्र तशाच राहू द्या. त्याच तर दाखवायच्या आहेत. महिनाअखेरपर्यंत येतील तेवढी तिकिटे एकत्र बांधून कंपन्यांच्या भारतातल्या सेवा प्रमुखांकडे लेखी देणार आहोत आणि त्यांचे उत्तर, आले तर, काटछाट न करता छापणार आहोत. कोल्हापूरची फाइल वर आहे. तिच्याखाली तुमची लागू द्या.