रुळांचा जमाखर्च

आपल्या जिल्ह्यात रेल्वेचा विषय निघाला की दोन ठरावीक वाक्ये कानी पडतात. रेल्वे ही निजामाची देणगी, हे एक. आणि रूळ आले की उत्कर्ष आपोआप येतो, हे दुसरे. आमच्या मते ही दोन्ही वाक्ये इतिहासाला धरून नाहीत. आदिलाबाद–आर्मूर मार्गाच्या निवेदनांवर वर्षानुवर्षे सह्या करणाऱ्या जुन्या मराठी कुटुंबांनी तरी ती उच्चारू नयेत.

प्रथम देणगीविषयी. फेब्रुवारी १८८३ मध्ये पहिले सालारजंग निवर्तले. निजाम मीर महबूब अली खान तेव्हा अल्पवयीन होते. अशा निर्नायकी काळात ‘चांदा रेल्वे योजना’ पुढे रेटली गेली. वरंगळमार्गे एक रस्ता बेजवाड्याकडे, म्हणजे आजच्या विजयवाड्याकडे, आणि दुसरा चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे न्यावयाचा होता. कंपनी लंडनची आणि तिच्या भांडवलावर २० वर्षे शेकडा ५ व्याजाची हमी मात्र संस्थानच्या तिजोरीची! गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, भागधारकाचे व्याज सुटत नव्हते; तूट आली तर ती रयतेने भरलेल्या महसुलातून भागवायची होती. याला देणगी म्हणावयाचे असेल, तर देणारा कोण आणि घेणारा कोण, हे आधी ठरवावे लागेल.

हा प्रश्न त्याच वेळी विचारणारी माणसे हैदराबादेत होती. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम ही त्यांतील ठळक नावे. योजनेची माहिती लोकांपुढे यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याचे उत्तर काय मिळाले? मे १८८३ मध्ये अघोरनाथांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले आणि वर्ष संपण्यापूर्वी करार पक्का झाला.

माहिती दडपल्याचे फळ लवकरच दिसले. १८८६ मध्ये संस्थानातील खनिजांचा मक्ता लंडनच्या प्रवर्तकांना मिळाला. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे बहुतेक भाग त्यांनी पूर्ण भरलेले म्हणून स्वतःकडेच ठेवले. संस्थानचे अधिकारी सरदार दिलेर जंग यांच्या भागविक्रीचा गवगवा इतका झाला की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. रयतेच्या पैशांचा हिशेब लंडनमध्ये मागितला गेला. हैदराबादेत तो मागणारा हद्दपार झाला होता.

हे केवळ संस्थानी राजवटीचे पाप, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. लोकशाही मिरवणाऱ्या अमेरिकेत १० मे १८६९ रोजी दोन्ही किनाऱ्यांकडून आलेले रूळ जोडले गेले आणि तीनच वर्षांत ‘क्रेडिट मोबिलियर’ प्रकरण उघडकीस आले. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या सूत्रधारांनी स्वतःचीच बांधकाम कंपनी काढून फुगवलेली बिले वसूल केली होती आणि तिचे भाग काँग्रेसच्या सदस्यांना स्वस्तात वाटले होते. फरक पुढे पडला. तेथील शेतकऱ्यांनी ग्रेंज संघटनेमार्फत मालभाड्याच्या मनमानीविरुद्ध रान उठवले आणि १८८७ मध्ये रेल्वेदरांवर देखरेख ठेवणारा कायदा झाला. तो अपुरा होता; तरी हिशेब मागणे हा गुन्हा नव्हे, एवढे त्याने प्रस्थापित केले.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. बेजवाड्याचा रस्ता १८८९ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी सिंगरेणीचा कोळसा निघू लागला. चांद्याकडचा रस्ता, ज्याच्या नावाने एवढे रण माजले, तो काझीपेठ–बल्लारशा म्हणून १९२९ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी. त्याने जुन्या जिल्ह्याची पूर्व बाजू जोडली; मंचेरियाल, बेल्लमपल्ली, कागजनगर त्यावर वाढले. पश्चिमेकडील कापसाच्या आदिलाबादला मात्र किनवट–मुदखेडचाच फाटा उरला. १९५६ मध्ये किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि आजही आदिलाबादकर रेल्वेने हैदराबादला निघतो तो दुसऱ्या राज्यातून वळसा घालून. रूळ भांडवल व कोळसा यांच्या सोयीने जातात. उत्कर्ष त्यांच्यामागून निमूट येत नाही.

या जमाखर्चात आणखी एक रकाना आहे आणि तो आपल्याला बोचणारा आहे. अमेरिकेत सरकारने रेल्वे कंपन्यांना जी अफाट जमीन वाटली, ती मूळच्या जमातींच्या वावराची होती. आपल्याकडे रेल्वे व सडका आल्यावर जमिनीला भाव आला आणि गोंड-कोलामांच्या हातची शेते बाहेरून आलेल्यांकडे गेली. १९४०च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी त्याची नोंद केली आहे. बाहेरून आलेल्यांत मराठी कुटुंबेही होती. हा रकाना झाकून निजामाचा आणि लंडनचा तेवढा हिशेब मागणे, हा प्रामाणिकपणा नव्हे.

मार्ग मागूच नये, असे आमचे म्हणणे नाही; तो अवश्य मागावा. परंतु पुढच्या निवेदनात चार प्रश्न जोडावेत : स्थानके कोठे होणार, कोणाची जमीन जाणार, मोबदला किती आणि केव्हा मिळणार, कापसाला मालभाडे काय पडणार? उत्तरे तेलुगू, मराठी आणि गोंडी बोलणाऱ्या प्रत्येकाला कळतील अशी मागावीत. १८८३ मध्ये हे विचारणाऱ्याला हद्दपार व्हावे लागले. आज विचारण्यास कोणाचीही बंदी नाही. म्हणूनच आपल्या मौनाला आता कोणतीही सबब उरलेली नाही.