"सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही" म्हणजे नक्की काय झालं?

डॉक्टरने तपासून "तुम्हाला बरं नाहीये" एवढंच सांगितलं तर फी द्याल का? मेलचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं हेच करतायत. "सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही." बास!

जामखेडला माझा मामेभाऊ टॅक्सची कामं करतो. ऑफिसात नवं नेट घेतल्यापासून मेल यायच्या, पण जायच्या नाहीत. रिटर्न भरायची शेवटची तारीख डोक्यावर, आणि क्लायंटचे कागद आउटबॉक्समध्ये पडून. एका जाणकाराने प्रोग्रॅम काढून परत टाकला. दुसरा म्हणाला, राउटर बदला.

खरं तर येणं चालू, जाणं बंद, यातच अर्धं निदान झालं होतं. म्हणजे नेट आहे, पासवर्डही बहुतेक बरोबर. मेल यायच्या ९९३ नंबरच्या पोर्टवरून. पाठवायला मात्र जुन्या सेटिंगमध्ये २५ होता. व्हायरस लागलेली घरगुती मशिन्स त्याच वाटेने स्पॅम ओकायची, म्हणून बरेच इंटरनेटवाले ती बंद ठेवतात. ग्राहकांनी मेल पाठवायला ५८७ हा वेगळा दरवाजा १९९८ सालीच ठरलाय. नंबर बदलला, सुरक्षित कनेक्शनची खूण केली, मेल गेल्या.

मला राग येतो तो याचा, की प्रोग्रॅमला हे माहीत असतं. नावावरून पत्ता शोधायचा, पोर्टवर टकटक करायची, सर्टिफिकेट बघायचं, मग पासवर्ड द्यायचा. कुठे अडलं ते त्याला कळतं, पण सांगत नाही. का? तर "युजरला काय समजणार?" आमच्या धंद्यातला हा लाडका समज.

आणि हे जामखेडच्या माणसाबद्दल म्हणायचं! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जुलाबाला जलसंजीवनी कधी पुरेल आणि दवाखान्यात कधी न्यायचं, हे त्या ओळखायला शिकल्या. त्यांच्यापुढे पोर्टचा नंबर म्हणजे काय हो?

सिक्युरिटीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. युजरनेम चुकलं की पासवर्ड, हे सांगू नये, मान्य. पण "पोर्ट २५ उत्तर देत नाही, ५८७ करून बघा" यात कसलं गुपित फुटतं?

उलट मोघमपणाच महागात पडतो. जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर चालणारे प्रोग्रॅम बंद करायला घेतले. अशांना वेगळा अॅप पासवर्ड लागतो. जुन्या प्रोग्रॅमवर मेसेज मात्र तोच, पासवर्ड चुकीचा. आणि लोक बरोबर पासवर्ड परत परत टाइप करत बसले.