रोग्याशी कोण बोलतो?

शरीराच्या डॉक्टरला नाडी सांगते, रक्त सांगते. मनाच्या डॉक्टरला रोग्याखेरीज दुसरे कोण सांगणार? परंतु अनेकदा रोगी सोडून इतर सर्वांशीच बोलणे होते, असे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे.

माझ्या चुलत काकांना घेऊन मी एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. काका पन्नाशीचे, गावात चार माणसे त्यांचा सल्ला घेतात. डॉक्टरांनी मला विचारले, "हा झोपतो का? जेवतो का?" काका समोरच बसलेले! औषधांची चिठ्ठीही माझ्याच हाती दिली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "मले त कोनी काही पुसलंच नाही."

आईला आपण 'तू' म्हणतो, देवालाही म्हणतो. त्यात माया असते. टेबलापलीकडून आलेला हा एकेरी उल्लेख मात्र माणसाला पायरीखाली उतरवतो. बाहेर रांग असते, डॉक्टर थोडे, हे सगळे मान्य. पण 'तुम्ही' म्हणायला 'तू'पेक्षा किती जास्त वेळ लागतो?

१९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लूनसी', म्हणजे वेडेपणा, हा शब्द होता. १९८७ च्या कायद्याने तो गेला. २०१७ च्या कायद्याने तर रोग्याला आपल्या आजाराची व उपचाराची माहिती मिळण्याचा आणि ती गुप्त राहण्याचा हक्क दिला. साखळीने बांधण्यास मनाई केली. आपल्या वतीने कोणी बोलावे हेही सज्ञान रोगी स्वतः ठरवू शकतो. म्हणजे ते काकांनी ठरवायचे होते, मी नव्हे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे; आपल्याकडची मंडळी त्याला अजून 'पागलखाना'च म्हणतात. तेव्हा दोष एकट्या डॉक्टरांचा नाही.

आणि भाषेचे काय? सालेकसा-देवरीकडची एखादी बाई गोंडीत विचार करते. आमच्या घरी पोवारी, शेजारी छत्तीसगढी. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती 'हो' म्हणते, कारण 'नाही' म्हणण्याची भीती वाटते. त्या 'हो'वर गोळ्या ठरतात! गावच्या आशाताईला बाईची बोली येते. बाईची हरकत नसेल तर तिला सोबत बसवावे. मात्र तिने बाईचे शब्द जसेच्या तसे पोहोचवावे, आपले उत्तर देऊ नये.

आमच्या वर्गात गोंडी बोलणाऱ्या घरची मुले-मुली आहेत. त्यांनी मानसशास्त्र घेऊन पुढे या कामात जावे, असे त्यांना कोणी सांगितलेले मी तरी अजून ऐकलेले नाही.