भिंत रंगली, पुढे काय?

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर २०१४ पासून राजीव सेठी यांच्या संकल्पनेतील ‘जय हे’ कलासंग्रह आहे. जुने कोरीव दरवाजे, झरोखे, मूर्ती अशा हजारो वस्तू तिथे योग्य प्रकाशात मांडल्या आहेत. २०१६ मध्ये स्वयंसेवकांनी मुंबईच्या उपनगरी स्थानकांच्या भिंतीही हौसेने रंगवल्या. पण लोकलच्या गर्दीतल्या चित्राच्या नशिबी बहुधा पानाची पिचकारी, क्लासची जाहिरात आणि गळक्या पाइपाचा ओघळ. फीत कापायला सगळे हजर, फडके मारायला कोणी नाही. कलेची निगा तिकिटाच्या दरावर ठरू नये. चित्राचा खर्च मंजूर करतानाच त्याच्या देखभालीची तरतूद करा. नसेल, तर भिंत कोरीच बरी.